डाव्या हाताची मूठ

मी आयुष्यभर घाबरत टेनिस खेळले. असं म्हटलं की लोक हसतात. “काहीतरीच काय ताई, तुम्ही आणि घाबरणार?” पेपरवाल्यांनी एकदा मला मावळची वाघीण केलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता वाघिणीचं खरं सांगते. मॅचच्या सकाळी ही वाघीण बाथरूमचा नळ मोठा सोडून ओकायची, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. समोर कॉलेजातली नवखी पोर असो नाहीतर देशातली अव्वल खेळाडू, माझ्या पोटात गोळा ठरलेला. घरात कपाट भरून कप आहेत. त्यातला एकही मी न घाबरता जिंकलेला नाही.

त्या भीतीबद्दल माझी तक्रार नाही. ती पायांत शिरायची आणि पाय पळायचे, हरण्याच्या भीतीनंच मी कितीतरी बॉल परत आणले. मी लिहितेय ते दुसऱ्या भीतीबद्दल. ती फार उशिरा आली, चाळिशी ओलांडल्यावर, आणि पायांत न जाता सरळ डाव्या हातात जाऊन बसली.

माझा खेळ सुरू झाला लोणावळ्यात, रेल्वे कॉलनीमागच्या लाल मातीच्या कोर्टावर. अण्णा, म्हणजे माझे वडील, इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. संध्याकाळी तिथे साहेबलोक खेळायचे, सकाळी कोर्ट रिकामं असायचं. अण्णांनी स्वतःहून रोलर फिरवायचं आणि फक्कीनं पांढऱ्या रेषा मारायचं काम अंगावर घेतलं आणि बदल्यात “माझ्या पोरीला सकाळी खेळू द्या” एवढंच मागितलं. त्यांना स्वतःला टेनिस येत नव्हतं. नेटच्या पलीकडे उभं राहून बादलीतले बॉल माझ्याकडे फेकायचे, झालं. मालगाडी घाट चढून वर आली की जमीन थरथरायची, बॉल कसाही उडायचा, मग गाडी जाईपर्यंत आम्ही थांबायचो. अण्णा तेवढ्यात बिडी ओढून घ्यायचे.

त्या कोर्टावर दरीकडून वारा येतो. सर्व्हिस करताना बॉल उंच टाकला की वारा तो पळवून नेतो. म्हणून तिथे शिकलेले आम्ही सगळे बॉल बुटका टाकतो, डोक्याच्या जेमतेम वर, आणि टाकल्या टाकल्या हाणतो. पुण्या-मुंबईचे खेळाडू लगेच ओळखायचे, “आला बघ लोणावळ्याचा टॉस” म्हणून चेष्टा करायचे. ज्यांना सर्व्हिस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: डाव्या हातानं बॉल वर सोडायचा आणि उजव्या हातातल्या रॅकेटनं मारायचा. डाव्या हाताचं काम म्हणजे फक्त वेळेवर उघडणं. इतकी वर्षं तो उघडत आला आणि मी कधी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

त्या बुटक्या टॉसवर मी पहिल्यांदा राज्य जिंकले तेव्हा शाळेत होते. पुढे राष्ट्रीय जिंकले, देशाबाहेर खेळून आले, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. लग्न होऊन कामशेतला आले तेव्हा सगळे म्हणाले, झालं आता हिचं. मुलगी झाली तेव्हा तर हक्कानंच म्हणाले. मुलगी चालायला लागली त्या वर्षी मी परत राज्याची फायनल मारली आणि तिला कडेवर घेऊन कप घेतला. तो फोटो माझ्या नवऱ्याच्या दुकानात गल्ल्यामागे लावलेला आहे. माझ्याबरोबरीच्या मुली एकेक करून थांबल्या, कुणाचा गुडघा गेला, कुणाला सासर आडवं आलं, कुणाला नुसताच कंटाळा आला. मी राहिले. मोठ्या वयाच्या गटात खेळायला लागले आणि तिथेही जिंकत राहिले. “ताई, थांबणार कधी?” असं लोक विचारायचे. मला थांबायचीसुद्धा भीती वाटायची, हे खरं उत्तर होतं, पण मी हसून सोडून द्यायचे.

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला पुण्यात ते झालं. सेमीफायनल होती. मी पुढे होते, एक गेम काढला की संपलं. सर्व्हिसला उभी राहिले, बॉल दोनदा जमिनीवर आपटला, डावा हात वर नेला, आणि बॉल सुटलाच नाही. हात वर आणि मूठ बंद. हात माझा, आणि तो माझं ऐकत नव्हता. समोरच्या बाईला “सॉरी” म्हणाले आणि पुन्हा हात वर नेला. या खेपेला बॉल सुटला, पण इतका उशिरा की माझ्याच डोक्यामागे जाऊन पडला. खुर्चीतला अंपायर पुढे वाकून बघायला लागला. शेवटी मी हात वर न्यायचाच सोडला, छातीपाशी बॉल टाकून रॅकेटनं कसाबसा पलीकडे ढकलला. समोरचीला वाटलं, ही काहीतरी नवा डाव टाकतेय, आणि ती गडबडली. मी जिंकले. जिंकले म्हणून कुणाला काही कळलं नाही.

फायनल मी खेळलेच नाही. खांदा दुखावला म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तळेगावला गेले. तिथल्या सिमेंटच्या कोर्टावर मी मुलींना शिकवते. मुली यायच्या आधी एकटीनं सर्व्हिस करून बघितल्या, तर एकूण एक नीट. हात छान उघडत होता. हुश्श झालं. म्हटलं, उन्हामुळे झालं असणार, वय झालं आता बाई, टोपी घालत जा. तेवढ्यात मुली आल्या, त्यातली एक पलीकडे जाऊन उभी राहिली आणि माझी मूठ पुन्हा मिटली. ती बाजूला झाली की हात मोकळा, समोर आली की जाम. मला तिथेच रडू फुटणार होतं. मी सगळ्यांना कोर्टाला फेऱ्या मारायला पाठवलं आणि पाण्याची बाटली तोंडाला लावून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. अडकलेली मूठ सोडवायची कशी तेही तेव्हाच शिकले. उजव्या हातानं आधी अंगठा मोकळा करायचा, मग करंगळी, मग बाकीची बोटं सुटतात.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हात वळवून बघितला, टाचणी टोचली, फोटो काढले. “शिरा उत्तम आहेत. हे मनाचं आहे,” म्हणाले आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या. मनाचं आहे म्हणे! मग ते मन कुठल्या बोटात असतं तेवढं तरी दाखवा, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. बाहेर येऊन स्कूटरवर बसले तर चावी डाव्या हातात होती आणि ती मात्र पटकन सुटली.

मी लहान असताना एका मोठ्या खेळाडूचं असंच झालेलं पाहिलं होतं. फार नावाजलेली बाई, सर्व्हिस तर अशी की बघत राहावं. एका मोसमात तिचा हात असाच अडकायला लागला आणि पुढच्या मोसमात ती दिसलीच नाही. तेव्हा आम्हा मुलींत कुजबुज होती की हे लागतं. जो बघतो त्याला लागतं. तिची सर्व्हिस आली की आम्ही बुटांच्या नाड्या बांधत बसायचो. आता मला कळतं की असं काही नसतं. डॉक्टरही तेच म्हणाले. पण कळून भीती जाते होय? आणि मला स्वतःच्या हाताची भीती कमीच होती. माझ्या घरात माझी मुलगी होती, तिची भीती होती.

मुलगी तेव्हा दहावीला होती. तीही टेनिस खेळते आणि चांगली खेळते. मी तिला फोरहँड शिकवला, बॅकहँड शिकवला, पण सर्व्हिस कधी शिकवलीच नाही. ती तिनं माझ्याकडे बघून उचलली. तोच बुटका टॉस, तसाच डावा खांदा जरा आत, बॉल आपटून झाल्यावर केस कानामागे सारायची सवयसुद्धा माझीच. लांबून बघणाऱ्याला वाटतं, माझाच जुना व्हिडिओ चाललाय. लोक कौतुक करायचे आणि मीही फुशारकीनं सांगायचे की पोरीनं नुसतं बघून घेतलं. आता तेच मला खुपायला लागलं. जिनं सगळं बघून उचललं, ती हेही उचलेल की! माझं काय, माझं खेळून झालंय. तिचं अजून सगळं व्हायचंय.

म्हणून मी ठरवलं, तिनं मला सर्व्हिस करताना बघायचंच नाही. खांद्याचं निमित्त होतंच. रोज संध्याकाळी पोरगी मलम घेऊन यायची, “मम्मी, पाठ कर इकडे,” म्हणायची आणि माझ्या धडधाकट उजव्या खांद्याला अर्धा अर्धा तास चोळायची. मी “आता बरं वाटतंय हं” म्हणायचे आणि डावा हात मांडीखाली दाबून बसायचे. दोन स्पर्धांतून नाव काढून घेतलं. एका स्पर्धेला नाइलाजानं उतरले तर ती म्हणाली, मी बघायला येते. मी तिला मॅचची वेळ चुकीची सांगितली. ती धावत-पळत आली तेव्हा मी हरून, कपडे बदलून, पिशवी भरून बसले होते. हरल्याचं तिलाच जास्त वाईट वाटलं. येताना मला बसमध्ये खिडकीजवळची जागा दिली.

जुलैत कार्ल्याला आईकडे गेले. अण्णा गेल्यापासून आई तिथे राहते. तिचं थोडं भाताचं शेत आहे आणि आवणीला, म्हणजे खाचरात रोपं लावायला, ती मला दरवर्षी बोलावते. चिखलात वाकून लावणं मला जमत नाही, कंबर धरते. मग माझं काम म्हणजे बांधावर उभं राहून रोपांच्या बांधलेल्या मुठी लावणाऱ्या बायकांपुढे टाकायच्या. उजव्या हातानं पाटी कमरेवर धरायची आणि डाव्या हातानं मूठ टाकायची. टाकायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, हात उघडतोय. समोर बायका आहेत, माझ्याकडे बघून “हिकडं टाक गं, हिकडं” म्हणून ओरडतायत, आणि हात दर वेळी उघडतोय! मी वेड्यासारखी मुठी टाकत सुटले. बायका म्हणायला लागल्या, “आगं बास, बुडवतीस का काय आमाला.” त्या रात्री मला गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी तडक तळेगावला गेले, एका मुलीला पलीकडे उभं केलं, डावा हात वर नेला. मूठ बंद.

तिथून तशीच परत कार्ल्याला गेले आणि आईला सगळं सांगितलं. सांगितलेलं ते एकच माणूस.

“हात उगडत न्हाई म्हंजी?” आई म्हणाली. “काल तर लय झ्याक मुठी टाकत हुतीस.”

“तेच तर ना आई.”

तिनं माझा हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, “आपल्यात नजरबिजर मानत न्हाईत. तुज्या आज्यानं घरातलं समदं देव इंद्रायणीत सोडलं, त्या दिसापासनं आपल्या घरात कुनावरनं मिरच्या उतरल्या न्हाईत. पन खरं सांगू? आज मला वाटतंया, उतरावं.”

हे ऐकून मी हादरले. माझी आई अशी बोलणारी बाई नाही. विहारात पहिली जाऊन बसते, गावात कुणी अंगारा दिला तर तोंडावर सांगते की आमी न्हाई घेत. अण्णा गेले तेव्हासुद्धा ती डगमगली नव्हती. ती उठली, डब्यातून लाल मिरच्या काढल्या, हातात धरून उभी राहिली, आणि मग परत डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं.

“पोरीला सांगू नगंस,” म्हणाली. “पोर भ्येईल.”

मी नाही सांगितलं.

सप्टेंबरमध्ये मुलगी तिच्या वयाच्या गटात राज्य जिंकली. मी जाळीबाहेर उभी होते आणि तिच्या प्रत्येक सर्व्हिसला तिच्या डाव्या हाताकडे बघत होते. तिचा हात मात्र दर वेळी उघडला. मी देवळात जात नाही, नवस बोलत नाही, पण त्या दिवशी कुणाचे तरी आभार मानावेसे वाटत होते आणि मानायचे कुणाचे ते कळत नव्हतं.

दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. मॅचच्या दिवशी हमखास. मी ओव्याचं पाणी दिलं, पाळीचं असेल म्हणून गरम पाण्याची पिशवी दिली, मग डॉक्टरकडे नेऊन सोनोग्राफीही केली. काही निघालं नाही. दोन स्पर्धा तिनंही सोडल्या. त्याच सुमारास म्हणाली, “मम्मी, सर्व्हिसची प्रॅक्टिस मी पुण्याच्या सरांकडेच करते. तुझा खांदा दुखतो, तू कशाला उगाच.” मला तर सुटल्यासारखं झालं. पोरगी किती समजूतदार, असं नवऱ्याला कौतुकानं सांगितलंसुद्धा. कधीकधी ती बॉल फार वेळा आपटताना दिसायची. मग मीच मनाला दटावायचे की दहावीचं वर्ष आहे, लक्ष नसेल, तुझ्या डोळ्यांना आता सगळीकडे तेच दिसतंय.

मे संपत आला की लोणावळ्याचं कोर्ट निजवतात. निजवणं हाच तिथला शब्द. नेट काढायचं, मातीवर ताडपत्री पसरायची, तिच्यावर भाताचा पेंढा आणि पेंढ्यावर दगड. दसऱ्यानंतर कोर्ट उठवायचं. निजवण्याआधी शेवटची सर्व्हिस होते. त्या कोर्टावर शिकलेल्यांपैकी जो सगळ्यांत जास्त जिंकला असेल त्यानं एकच बॉल मारायचा. पलीकडे त्या वर्षीच्या सगळ्यांत लहान विजेत्यानं उभं राहायचं, बॉल परत मारायचा नाही, हातानं झेलायचा. तो बॉल ताडपत्रीखाली ठेवून कोर्ट झाकायचं. शेवटची सर्व्हिस चुकली तर कोर्ट उठताना भेगा पडलेल्या असतात, असं तिथे सगळे मानतात. अण्णाही मानायचे. कित्येक वर्षं ती सर्व्हिस मीच करत आले होते.

तिथले सेक्रेटरी काका रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, आवाज अजून तसाच खणखणीत. त्यांचा फोन आला. “ताई, यंदा गंमत आहे. पलीकडे कोण उभं राहणार माहितीये? तुमचीच कन्या!”

“काका, माझा खांदा...”

“अहो, एक बॉल! मॅच खेळायला सांगतोय का मी? या गुमान.”

गंमत! ज्या एका माणसानं बघू नये म्हणून मी वर्षभर जिवाचा आटापिटा केला, तिलाच हे लोक माझ्या नाकासमोर उभं करणार होते. आणि नाही म्हणावं तर कशाच्या जोरावर? त्या दिवशी सकाळी मुलगीही म्हणाली, “मम्मी, मी नाही येत. पोट दुखतंय.” मी भडकले. “एक बॉल झेलायचाय! त्यात पोटाचा काय संबंध?” खरं तर तिनं न येणं मला हवंच होतं, तरी ओरडले, कारण आतून मी पार फाटलेली होते. ती हळूच म्हणाली, “फक्त झेलायचाय ना? मला सर्व्हिस नाही ना करायची?” “नाही गं बाई,” मी म्हणाले. मग ती आली.

दुपार कलली होती. रेल्वेतली जुनी मंडळी खुर्च्या टाकून बसली होती, कांदाभजी फिरत होती, पेंढ्याचे भारे कडेला रचलेले होते. आईलाही कुणीतरी कार्ल्याहून गाडीत घालून आणलं होतं. काकांनी माझ्या हातात नवा बॉल ठेवला. मी बेसलाइनला जाऊन उभी राहिले. पलीकडे माझी मुलगी, दोन्ही हात पुढे, झेलायच्या तयारीत. वारा नेहमीसारखाच दरीकडून येत होता. मी स्वतःला बजावलं, एकच बॉल आहे, बुटका टाक आणि हाण. बॉल आपटला, परत आपटला, परत आपटला.

“होऊन जाऊ द्या ताई!” कुणीतरी ओरडलं.

हात वर नेला. बॉल सुटला नाही. हात खाली घेतला, केस कानामागे सारले, पुन्हा वर नेला. नाही. मागे कुणीतरी हसलं, त्यांना वाटलं ताई मुद्दाम खेळवतायत. तिसऱ्यांदा वर नेला आणि हात तिथेच राहिला, वर, सगळ्यांसमोर, तिच्यासमोर. हसू थांबलं. भज्यांच्या थाळ्या फिरायच्या थांबल्या. मला वाटत होतं, ओरडून सांगावं, बघू नकोस, पोरी, खाली बघ, बुटांच्या नाड्या बांध.

तिनं मात्र नजर काढली नाही. हात खाली घेतले आणि चालत, नेटच्या खांबाला वळसा घालून माझ्याकडे आली. माझा हात खाली ओढला, दोन्ही हातांत मूठ धरली. काय झालं, असं तिनं विचारलंच नाही.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

ती माझी मूठ सोडवत होती. आधी अंगठा मोकळा केला, मग करंगळी. मूठ तशीच सोडवावी लागते, हे ज्याची मूठ मिटते त्यालाच माहीत असतं.

“आणि तुला?” मी विचारलं.

“दिवाळीपासून.”

दिवाळीपासून. म्हणजे ते ओव्याचं पाणी, ती सोनोग्राफी, ते पुण्याचे सर, ते समजूतदारपणाचं कौतुक. माझ्याकडे न बघताच तिला ते झालं होतं. एवढी लपवाछपवी केली आणि ज्याला घाबरून केली ते केव्हाच होऊन गेलं होतं. मी निदान माझ्या आईला तरी सांगितलं होतं. माझी पोर एवढे महिने एकटी होती.

“मला का नाही सांगितलंस गं?” मी म्हणाले.

“तू कधी घाबरत नाहीस ना,” ती म्हणाली. “तुला काय कळणार, असं वाटलं.”

वाघीण! त्या पेपरवाल्यांचं तळपट होवो. आणि मी ते नाव मिरवत घरात वावरले, तिच्यासमोर, तिच्या जन्मापासून.

“ताई, सर्व्हिस?” काकांनी विचारलं, पण हळू आवाजात.

“नाही होत काका,” मी म्हणाले. “माझा हात उघडत नाही. वर्ष झालं.” माझ्या मुलीचं मी काही बोलले नाही, ते तिचं तिनं ठरवावं. पण ती तिथेच, सगळ्यांच्या समोर, माझा हात धरून उभी राहिली.

मग खुर्चीतून आई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. झाका आता.”

मुलीनं तो बॉल ताडपत्रीखाली ठेवला आणि आम्ही कोर्ट निजवलं, शेवटच्या सर्व्हिसशिवाय. पेंढा पसरताना कुणीतरी भेगांचं पुटपुटलं, ते मी ऐकलं. दसऱ्यानंतर पेंढा निघेल तेव्हा काय दिसेल, याची मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. त्याच्या आधीच मुलीच्या स्पर्धा सुरू होतील, त्याची त्याहून जास्त वाटते.

घरी आलो. हातपाय धुऊन मी दिवाणावर बसले. सवयीनं ती मलम घेऊन आली, सवयीनं मी पाठ केली. ती थांबली.

“खांदा दुखतच नव्हता ना?”

“नाही.”

“माझंपण पोट.”

“हं.”

ती माझ्या पुढ्यात येऊन बसली. माझा डावा हात ओढून घेतला, तळव्यावर मलम काढलं आणि चोळायला लागली, एकेक बोट धरून, खांद्याला चोळायची तसंच मन लावून. मलमानं काही व्हायचं नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. मी हात मागे घेतला नाही. बराच वेळ झाल्यावर तिनं ट्यूब माझ्या हातात दिली आणि स्वतःचा डावा हात पुढे केला.